कुलवृत्तांताची नवी साइट: कुणाला कोरी दिसते, कुणाला तारखा चुकलेल्या. मदत हवी

घाटमाथा

नमस्कार मंडळी. आमच्या कुळाचा छापील वृत्तांत दोन खंडांत आहे आणि त्यावरून केलेली साइट आम्ही चार-पाच जण नोकऱ्या सांभाळून चालवतो. मानधन कुणालाच नाही. जुनी साइट फोनवर वाचताच यायची नाही, म्हणून आठ महिने खपून नवी बांधली. पाडव्याला सुरू केली आणि तेव्हापासून मला रोज फोन येतायत.

माझ्या आत्याकडे आयफोन ७ आहे. तिथे वर साइटचं नाव दिसतं, खाली सगळं कोरं. नागपूरच्या एका काकांकडे विंडोज ७ आहे. त्यांना पान दिसतं, पण मांडणी विस्कटलेली आणि वंशवृक्ष उघडतच नाही. नव्या आयफोनवर वृक्ष उघडतो, पण सगळी नावं डाव्या कोपऱ्यात एकावर एक चढलेली. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात की सगळ्यांच्या जन्मतारखा एक दिवस आधीच्या दिसतात. आणि एका चुलतभावाला दुरुस्तीच्या अर्जात स्वतःचं आडनावच भरता येत नाही. "फक्त देवनागरी अक्षरे वापरा" असं लाल अक्षरांत येतं, आणि तो लिहितोय देवनागरीतच. त्याच्या आडनावात ऱ्ह आहे.

माझ्या लॅपटॉपवर यातलं काहीही होत नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करू तेच कळेना.

ज्यांना पान दिसत नाही, त्यांच्याकडेच माहिती आहे. आत्या ८४ वर्षांची आहे. पणजीचं माहेर कुठलं हे आता फक्त तिला माहीत आहे, आणि तिला आम्ही कोरं पान दाखवतोय. मला कोड जेमतेम येतो, पण शिकायची तयारी आहे.

रात्रपाळी

ताई, आधी एक करा. या पाच तक्रारी एकच समजू नका. वर्णनावरून मला किमान चार वेगवेगळी कारणं दिसतायत.

कोरं पान आधी घेऊ. आयफोन ७ ला आयओएस १५ च्या पुढची आवृत्ती मिळत नाही. तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये 'लुकबिहाइंड' प्रकारचं रेग्युलर एक्स्प्रेशन आहे का बघा, म्हणजे "अमुक अक्षरांच्या नंतर येणारं तमुक शोध" असा नमुना. सफारीला, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या ब्राउझरला, ते १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून समजतं. त्याआधीच्या सफारीला ते नुसतं चुकीचं वाटत नाही, ती संपूर्ण फाइलच वाचायचं नाकारते. एका ओळीपायी सगळी फाइल गेली, आणि तुमचं पान पूर्णपणे जावास्क्रिप्टनेच उभं राहत असेल तर मागे काही उरत नाही.

आत्याला "क्रोम टाकून बघ" असंही सांगू नका. भारतात मिळणाऱ्या आयफोनवर ब्राउझर कुठलाही घेतला तरी आत इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिटच असतं.

घाटमाथा

सापडलं! नावाला जोडून आलेलं 'राव', 'पंत', 'बाई' वेगळं काढायला मीच तो नमुना वापरला होता, शोधात उपयोगी पडावा म्हणून. पण आम्ही कोड जुन्या ब्राउझरसाठी रूपांतरित करून मगच चढवतो. मग हा कसा सुटला?

रात्रपाळी

ती साधनं नवी वाक्यरचना जुनीत बदलून देतात. लुकबिहाइंड मात्र त्यांना बदलता येत नाही, ते जसंच्या तसं पुढे जातं. दोन टप्प्यांत साधी तुलना करा: शब्दाचा शेवट 'राव' आहे का, आणि असल्यास आधीचा भाग उरतो का. ओळी चार वाढतील, पण सगळीकडे चालेल.

विंडोज ७ चं प्रकरण त्याच जातीचं आहे. तिथे क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. भावंडं वयाप्रमाणे लावायला तुम्ही 'टू-सॉर्टेड' वापरलंय का? ते क्रोममध्ये ११० ला आलं. एका आकड्याने हुकलं. मांडणी विस्कटते कारण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, नियमाच्या पोटात नियम लिहिलेले असणार. ते क्रोमला ११२ पासून समजतात.

कोकणकडा

मी जरा वेगळं मत मांडतो. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं कधीच बंद झालंय. अशा मशीनवर कुणी इंटरनेट वापरूच नये. तुम्ही चार-पाच जण, वेळ तुमचा मर्यादित, तो दहा वर्षं जुन्या मशीनवर घालवायचा की नवी माहिती गोळा करण्यावर? काकांना नवा फोन घेऊन द्या, प्रश्न मिटला.

मोडीवाचक

मी त्या काकांपैकीच एक समजा. वय ७१, मशीन विंडोज ७. माझा मोठा स्कॅनर याच मशीनवर चालतो, पुढच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर निघालाच नाही. या स्कॅनरवर मी गेली अनेक वर्षं मोडी कागद उतरवतोय. हेळव्यांच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी राखणाऱ्यांच्या, पोथ्यांतल्या नोंदी, त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वह्यांतली पानं, जे कुणी विश्वासाने देईल ते. वंशावळीचं काम करणाऱ्यांत माझ्यासारखे बरेच भेटतील. कोकणकडा, तुमचं सुरक्षेचं म्हणणं बरोबर आहे, त्यासाठी मुलाने मला फायरफॉक्सची ११५ ही लांब मुदतीची आवृत्ती बसवून दिली आहे.

घाटमाथाताई, साइटचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? दोन्ही ब्राउझरमध्ये बघून सांगतो.

मोडीवाचक

ताई, पाहिलं. बाकीचं नंतर बोलू, आधी हे तातडीचं. क्रोममध्ये वृक्ष उघडत नाही, पण फायरफॉक्समध्ये उघडतो, आणि त्यात तुमच्या कुळातल्या हयात माणसांच्या जन्मतारखा दिसतायत. लहान मुलांच्यासुद्धा. त्या लपवलेल्या असायला हव्यात ना?

घाटमाथा

साइट आत्ता बंद केली. हात थरथरतायत. नियम आमचा पहिल्यापासून आहे: हयात व्यक्तीचं फक्त नाव, तारीख नाही. जुन्या साइटवर तो पाळला जात होता.

रात्रपाळी

बंद केलीत ते योग्य. कारण असं असावं: "ज्या चौकटीत 'हयात' अशी खूण आहे, तिच्यातली तारीख दाखवू नको" असा नियम सीएसएसमध्ये 'हॅज' हे निवडक वापरून लिहिलेला असेल. क्रोमला ते १०५ पासून समजतं, सफारीला १५.४ पासून, फायरफॉक्सला मात्र १२१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२३. ११५ ने तो नियम पूर्ण वगळला आणि तारीख उघडी पडली.

पण खरी चूक त्या निवडकाची नाही. तारीख पानात येतच होती, फक्त डोळ्यांआड केलेली. पानाचा मूळ स्रोत उघडणाऱ्या कुणालाही ती कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसली असती. जे दाखवायचं नाही ते सर्व्हरवरून बाहेर पडताच कामा नये. मांडणी बिघडली तर माणूस वैतागतो. हे बिघडलं तर एखाद्याच्या मुलाची जन्मतारीख जगभर फिरते, आणि ती परत घेता येत नाही.

घाटमाथा

रात्री दोनपर्यंत बसून बदललं. आता डेटाबेसमधून माहिती काढतानाच हयात व्यक्तींची तारीख, गाव आणि फोटो वगळले जातात. मृत्यूची नोंद नसेल आणि जन्माला ११० वर्षं झालेली नसतील तर व्यक्ती हयात धरायची, असंही ठरवलं. आधी आम्ही 'हयात' ही खूण हाताने लावत होतो, त्यामुळे कित्येक जण सुटले होते. शोधयंत्रांच्या साठवणीतली जुनी पानं काढायची विनंतीही केली. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्या सगळ्यांना आज मी स्वतः फोन करून झाला प्रकार सांगितला. मोडीवाचककाका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

कोकणकडा

माझं वरचं म्हणणं मी मागे घेतो. जुन्या मशीनवर बघितलं नसतं तर हे कळलंच नसतं.

शेवंती

मी न्यू जर्सीत असते, आमच्या माहेरच्या कुळाचीही अशीच साइट आहे आणि तारखांचं हेच दुखणं आम्ही भोगलंय. आजोबांची पुण्यतिथी दोन वर्षं चुकीच्या दिवशी केली. घाटमाथा, तारखा साठवल्यात कशा? नुसती तारीख, की वेळेसकट?

घाटमाथा

एक्सेलमधून आणताना प्रत्येक तारखेची मध्यरात्र धरली आणि जागतिक वेळेत बदलताना साडेपाच तास वजा केले. म्हणजे १२ मार्च ही नोंद ११ मार्च, संध्याकाळी साडेसहा अशी बसली. भारतात दाखवताना ब्राउझर साडेपाच तास मिळवतो आणि १२ तारीख परत येते. अमेरिकेत ती ११ च राहते, हे आता कळलं.

पण एक विचित्र गोष्ट आहे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरसुद्धा काही तारखा एक दिवस मागे आहेत, हे काल पुस्तक शेजारी घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं. सगळ्या जुन्या. १८९५, १८८१, १९०२. १९१० ची बरोबर, १९२३ ची बरोबर. आत्याच्या घरातल्या एका जुनाट अँड्रॉइडवर मात्र त्याच तारखा अचूक दिसतात!

रात्रपाळी

वा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात कधी भेटलं नव्हतं.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. टाइमझोनच्या ज्या यादीवर सगळे संगणक चालतात, तिच्यात भारतासाठी कोलकाता ही एकच नोंद आहे, आणि तिच्यात १८७० ते १९०५ या काळासाठी मद्रास वेळ धरली आहे: ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. तुम्ही वजा केले साडेपाच तास, ब्राउझरने मिळवले ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. जवळजवळ नऊ मिनिटं कमी पडली, आणि १२ मार्च १८९५ ची मध्यरात्र ११ मार्च, रात्री ११ वाजून ५१ मिनिटं झाली.

जुने ब्राउझर आजचाच फरक मागच्या सगळ्या काळाला लावत, म्हणून त्या अँड्रॉइडवर बरोबर दिसतं. २०१८ च्या सुमारास क्रोमने ऐतिहासिक फरक पाळायला सुरुवात केली. म्हणजे इथे नवा ब्राउझर बरोबर वागतोय, चुकलं ते साठवणं.

(गंमत म्हणजे तुमच्या पूर्वजांपैकी जे मुंबईत होते त्यांच्या घड्याळात यातलं काहीच नव्हतं. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटांची, आणि शहराने ती १९०६ नंतरही कित्येक वर्षं सोडली नाही.)

उपाय: जन्मतारीख हा क्षण नाही, ती एक नोंद आहे. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे आकडे साठवा आणि तसेच दाखवा. जावास्क्रिप्टच्या 'डेट'ला त्याला हातही लावू देऊ नका.

मोडीवाचक

यात माझी भर. तीन आकड्यांशेजारी चौथा रकाना ठेवा: मुळात जे लिहिलंय ते, जसंच्या तसं. "शके १७१२ साधारण नाम संवत्सरे" एवढंच लिहिलं असेल तर महिना-दिवस रिकामे राहू द्या. शकात ७८ मिळवून १७९० लिहाल, पण ते शकवर्ष पुढच्या इसवी सनात शिरतं. पौष-माघातली घटना १७९१ मधली असू शकते. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन येतो, त्याचा हिशोब आणखी वेगळा. मूळ शब्द गेले तर पुढच्या माणसाला तुमचं गणित तपासता येणार नाही.

आणि अर्जातला तो तारखेचा कॅलेंडरवाला रकाना काढाच. त्यात पूर्ण तारीख असल्याशिवाय काही भरता येत नाही. शिवाय दिवस आधी की महिना आधी हे प्रत्येकाच्या ब्राउझरच्या भाषेप्रमाणे बदलतं. ५ मार्च आणि ३ मे यांची अदलाबदल मी दुसऱ्या एका साइटवर किती वेळा निस्तरली आहे.

हिरवा_चाफा

मी अक्षरांचं काम करतो, त्यामुळे आडनावाचं सांगतो. 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, पुढे हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकात शिफ्ट दाबून र लिहिला की हे अक्षर मिळतं. दुसरी: साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड, मग ह. दिसायला दोन्ही सारखे. फोनवरचे बरेच कळफलक दुसरी पद्धत वापरतात. तुमच्या अर्जाचा नियम फक्त देवनागरीचा पट्टा तपासत असणार, आणि तो अदृश्य कोड त्या पट्ट्याबाहेरचा आहे. भावाने लॅपटॉपवर इनस्क्रिप्टने लिहिलं तर अर्ज घेईल.

म्हणजे हा ब्राउझरचा दोष नाहीच, कळफलकाचा फरक आहे. अर्जात तो कोड चालू द्या, पण साठवताना एकाच पद्धतीत बदलून घ्या. नाहीतर वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड यांतलं काहीही शोधलं की निम्मीच माणसं सापडतील.

साइट उघडली आहे असं दिसलं म्हणून डोकावलो. मथळ्यांवर अक्षरांतर वाढवलंय, त्यामुळे शिरोरेषा तुटते. इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं, देवनागरीत शब्दाचे तुकडे होतात. शून्य करा. ओळींची उंचीही वाढवा, वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातायत. आणि पहिलं अक्षर मोठं करण्याची सजावट काढून टाका. 'श्री' मध्ये काही ब्राउझर फक्त 'श्' मोठा करतात आणि 'री' मागे उरते. युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाने, जोडाक्षर एकसंध धरायचा नियम २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत आणला, तो सगळ्या यंत्रांपर्यंत पोचायला वेळ लागेल. कुळाच्या पानावर श्री मोडलेला बघवत नाही.

शेवटचं: पानाची भाषा इंग्रजी नोंदवली आहे, ती मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिले आहेत, तो ही नोंद बघूनच ते दाखवतो.

घाटमाथा

हे सगळं केलं. चुलतभावाचं आडनाव गेलं आत! मथळे तर इतके सुंदर दिसतायत की मी मघापासून नुसती बघत बसले.

उरला वृक्ष. नव्या आयफोनवर नावांचा ढीग अजून तसाच.

रात्रपाळी

चित्र एसव्हीजीचं (रेघा-आकारांचं चित्र कोडमध्ये लिहायची पद्धत) आणि नावांच्या चौकटी त्यात 'फॉरिन-ऑब्जेक्ट' वापरून घातल्यात, बरोबर? त्या चौकटीतल्या मजकुराला सापेक्ष स्थान, पारदर्शकता किंवा सरकवणं यातलं काही लावलं की वेबकिट त्याची जागा मूळ चित्राच्या कोपऱ्यापासून मोजतं. फार जुनी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. नावं एसव्हीजीच्या स्वतःच्या मजकूर-टॅगमध्ये लिहा.

पण त्याआधी एक विचारतो. आत्याला चित्रच हवंय का?

घाटमाथा

तुमचा प्रश्न वाचून आत्याला फोन केला. ती म्हणाली, "मला रेघा नकोत गं, कोणाची कोण ते सरळ वाचता आलं पाहिजे. पुस्तकात असतं तसं."

म्हणून पाया बदलला. सर्व्हरवरूनच साधी यादी येते: पिढीच्या पोटात पिढी, प्रत्येक घर उघडता-मिटता येईल असं. त्यासाठी एचटीएमएलमध्येच 'डिटेल्स' नावाचा टॅग आहे, जावास्क्रिप्ट लागत नाही. ती बंद पडली तरी सगळी नावं वाचता येतात. चित्र त्याच्यावर, ज्याला हवं त्याला. गणपतीत गावच्या घरी सगळे जमतात, तेव्हा प्रत्येकाचा फोन हातात घेऊन तपासणार आहे.

एक अडचण राहिलीच. दत्तक गेलेला माणूस यादीत कुठे दाखवायचा? जन्मघरी की दत्तकघरी?

मोडीवाचक

दोन्हीकडे नाव. वंश पुढे दत्तकघरी चालवा, जन्मघरी फक्त "दत्तक गेले" आणि तिकडे नेणारा दुवा. जुन्या कुलवृत्तांतांत असंच असतं.

शेवंती

आणि लेकींची घरंही उघडती ठेवा. छापील वृत्तांतात मुलीचं लग्न झालं की ओळ संपते. आता जागा कमी नाही.

घाटमाथा

ठेवली आहेत. मोडीवाचककाकांच्या दोन्ही ब्राउझरमध्ये तपासून झालं, शेवंतीताईंनी तिकडून तारखा ताडून पाहिल्या, सगळ्या पुस्तकाप्रमाणे आहेत.

आज दुपारी आत्याकडे गेले होते. तिच्याच फोनवर पान उघडलं. चष्मा लावून तिने एकेक घर उघडत तासभर वाचलं, मधे तीन चुका काढल्या. मग पणजीच्या घराशी थांबली आणि माहेरच्या रकान्यात स्वतः बोटाने गाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि लग्नाआधीचं नावही लिहिलं. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. छापील खंडात त्या जागी नुसती रेघ होती.